फिरता राजा आणि तुटक्या शिंगाचा नंदी

"राजा गेला!"

ईरा इतक्या जोरात ओरडली की अंगणात दात घासणाऱ्या कुशलने अर्धी पेस्ट गिळूनच टाकली.

"गेला म्हणजे? कुठं गेला?" तोंड पुसत तो आत धावला.

"मले माहीत असतं तर ओरडली असती काहून?"

दोघं चुलत भावंडं खिडकीतल्या गढीकडे बघत उभी राहिली. प्लॅस्टिकच्या राखाडी ठोकळ्यांची ती गढी जशीच्या तशी होती. बुरूज होते, साखळीने वर ओढायचा पूल होता, खंदकातली हिरवी मगरसुद्धा जागेवर होती. फक्त सगळ्यात उंच बुरुजावर कोणी नव्हतं.

आता हा राजा कोण, ते आधी सांगायला हवं. "गढीवाले" नावाची एक मंडळी इंटरनेटवर होती. ठोकळ्यांपासून जुन्या काळातले किल्ले बांधायचे, त्यात भालदार आणि घोडेस्वार उभे करायचे, फोटो टाकायचे आणि एकमेकांची वाहवा करायची, नाहीतर खुसपटं काढायची. जुना राखाडी ठोकळा आणि नवा राखाडी ठोकळा एकाच भिंतीत चालतो का, यावर ही मोठी मोठी माणसं एकदा इतकी भांडली होती की विचारू नका! बारा वर्षांची ईरा त्यांच्यात सगळ्यात लहान, आणि बालाघाटची तर ती एकटीच.

या मंडळींचा एक राजा होता. अंगठ्याएवढा, सोनेरी मुकुटाचा. त्याचा एक हात पिवळा आणि एक काळा होता, कारण मूळचा हात कुठल्याशा प्रवासात निखळून पडला होता. हा राजा कुरियरने गावोगाव फिरायचा. ज्याच्या घरी जाईल त्याने त्याच्यासाठी नवी गढी बांधायची आणि महिनाभर पाहुणचार करायचा. ईराने राजा मागितला तेव्हा मोतीलालकाका नावाच्या जुन्या सभासदाने लिहिलं होतं, "लेकराकडे राजा? हरवलाच म्हणून समजा!" त्यावर मंडळ चालवणाऱ्या प्रमोदिनीताईंनी उत्तर दिलं, "ईरासाठी मी शब्द देते. राजा हरवला, तर राजा फिरवणं कायमचं बंद."

उद्या, रविवारी, नागपुरात गढीवाल्यांचा मेळावा होता. सगळ्यांच्या गढ्या जोडून एक मोठी गढी होणार होती आणि राजाला तिच्या शिखरावर बसवणार होते. ईराच्या हातून!

"माझं जाऊ दे," ईरा डोळे पुसत म्हणाली. "पण ताईचा शब्द? आणि माझ्यानंतर ज्या लेकरांचा नंबर आहे, त्यांचं काय?"

"रडू नको. आधी शोधू," कुशल म्हणाला.

पलंगाखाली शोधलं. केरात शोधलं. शेजारचा मोहित आला, त्याने तर तांदळाच्या डब्यातही हात घातला आणि ईराच्या आईची, सरिताबाईंची बोलणी खाल्ली. शेवटी तिघं ओसरीत गेली. तिथे देवेंद्रकाका, म्हणजे कुशलचे बाबा, खुर्चीत बसून फोनवर बोट फिरवत होते. काकांचा फोन म्हणजे काकांचं सहावं बोट होता. आलेला प्रत्येक फोटो ते "वा!" म्हणून पुढे धाडायचे, कोणाला धाडला तेही न बघता.

"काका, खिडकीतला राजा पाहिला का?"

"हौ, हौ."

"पाहिला? कुठं?"

"नाही, नाही."

"म्हणजे नाही पाहिला?"

"हौ."

मोहितने कपाळावर हात मारला. "ये क्या जवाब है यार!"

ईराने ठरवलं, आता लपवण्यात अर्थ नाही. ताईला खरं सांगायचं. मागच्या दाराच्या पायरीवर बसून तिने आईचा जुना टॅब उघडला, गढीवाल्यांचं पान काढलं, आणि तिचे डोळे कपाळात गेले.

पानावर राजाचा फोटो होता! डोक्यावर मुकुट झाकणारं गुलाबी पागोटं. पण तो काळा हात? तो दुसऱ्या कोणाचा असणार! खाली कौतुकाचा नुसता पाऊस पडला होता. "वा ईरा! राजाचं वेषांतर!" "भारी कल्पना!" प्रमोदिनीताईंनी लिहिलं होतं, "शाब्बास गं माझी वाघीण!"

आणि फोटो टाकणाऱ्याचं नाव होतं, ईरा.

"मी नाही टाकला!" ईरा म्हणाली.

"तुझंच नाव आहे ना."

"अरे पण मी नाही टाकला!"

"झोपेत टाकला असशील. तू झोपेत बोलते, सगळ्यायले माहीत आहे."

"तूच राजा लपवला असशील! तुले माझा पासवर्ड माहीत आहे!"

"मी? मले तर माझाच पासवर्ड आठवत नाही!"

"हैक हो गया! पक्का हैक!" मोहित दोघांच्या मधे उडी मारून म्हणाला. "चोर राजा को उठा के ले गया, अब फोटो डाल के चिढ़ा रहा है!"

"चोर पागोटं कशाला बांधून देईल?" कुशलने विचारलं. मोहित डोकं खाजवायला लागला. राजा हरवला म्हणावं, तर फोटोत हसत उभा. सापडला म्हणावं, तर घरात नाही.

तेवढ्यात टॅब वाजला. ईराचे दोन्ही हात रिकामे होते, टॅब मांडीवर होता, तिघांचे सहा डोळे त्यावर होते, आणि त्या सहा डोळ्यांदेखत पानावर अक्षरं उमटली: "ईराने नवीन फोटो टाकला आहे."

"भूत!" मोहित पायरीवरून खालीच घसरला.

या फोटोत राजा जरा लांबून दिसत होता. त्याच्या पायाखाली लाल-पिवळ्या रेघांचा तपकिरी उंचवटा होता.

"पूल आहे," मोहित म्हणाला.

"भिंत आहे," ईरा म्हणाली.

कुशल मात्र टॅबवर वाकला. फोटोच्या कडेला काहीतरी वाकडं, टोकदार दिसत होतं आणि त्याला तांब्याची तार गुंडाळलेली होती.

"ते शिंग आहे," तो हळूच म्हणाला. "मी तोडलं होतं लहानपणी. त्याच्यापायी मार खाल्लता मी. हा आपला नंदी आहे!"

आज तान्हा पोळा होता. काल मोठ्या माणसांचा, खऱ्या बैलांचा पोळा झाला आणि आज लेकरांचा, लाकडी नंद्यांचा. चाकांच्या नंदीला सजवायचं, ओढत मारुतीच्या देवळापाशी न्यायचं आणि मग घरोघर मिरवायचं. ईराच्या घराण्यात एकच जुना, पाठीवर गुराख्याचा बाहुला बसवलेला नंदी होता आणि दरवर्षी तो घराण्यातल्या सगळ्यात लहान लेकराकडे जायचा. यंदा तो कटंगीच्या श्रुतिकाचा होता. कालच काकांनी तो प्रेमलाल ड्रायव्हरच्या बसमधून तिकडे रवाना केला होता.

"म्हणजे राजा कटंगीत!" ईरा उठून उभीच राहिली. पण लगेच खाली बसली. "पण फोटो कोण टाकून राह्यलं? श्रुतिका पाच वर्षांची आहे. तिले माझा पासवर्ड कसा माहीत?"

पुन्हा सगळा गोंधळ! मोहितने भुताचा मुद्दा परत काढला. तेव्हा ओसरीतून आवाज आला, "टिंग!" आणि पाठोपाठ काकांचा, "वा!" आणि पाठोपाठ ईराच्या मांडीवरचा टॅब वाजला. तिसरा फोटो.

ईरा टॅबकडे बघतच राहिली. मग तिने ओसरीकडे पाहिलं. मग पुन्हा टॅबकडे.

"कुशल," ती कुजबुजली, "मी गढीवाल्यांत नाव घातलं, ते कोणाच्या फोनवरून?"

"बाबांच्या. तेव्हा टॅब बिघडला होता ना."

"आणि मग मी त्यांच्या फोनमधून माझं नाव काढलंच नाही! कटंगीवाले काकांना फोटो पाठवतात, आणि काका धाडतात दिसेल तिकडे!"

"सिद्ध कर," कुशल म्हणाला. त्याला मोठेपणी वकील व्हायचं होतं.

मग काय! मोहितच्या डोक्यावर स्वयंपाकघरातला पातेल्यासारखा पितळी गंज उपडा ठेवला, हातात लाटणं दिलं आणि जीभ बाहेर काढायला लावली. फोटो काढून कुशलने त्यावर "पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा" असं लिहिलं आणि ईराच्या आईच्या फोनवरून काकांना पाठवला. तिघं खांबाआड लपली.

टिंग!

"वा!" काका म्हणाले. फोटोत कोण आहे, ते त्यांनी बघितलंही नाही. बोट तेवढं टकटक चाललं.

आणि गढीवाल्यांच्या पानावर, शेकडो किल्लेबाजांसमोर, ईराच्या नावाने, गंज घातलेला मोहित प्रकट झाला! खाली कोणीतरी लगेच विचारलं, "हा सरदार कुठल्या शतकातला?"

"मिटा दे! जल्दी मिटा दे!" मोहित टॅबवर झडप घालत ओरडला. ईरा हसून हसून जमिनीवर लोळत होती. सकाळपासून पहिल्यांदाच ती हसली होती.

पण हसू फार टिकलं नाही. मेळावा उद्याच होता. कटंगीला आजच जायला हवं, आणि नीट ऐकलं की काकांचं एकच उत्तर ठरलेलं असायचं, "उद्या बघू."

"उद्या नाही बघणार," कुशल डोळे मिचकावून म्हणाला. "मोहित, बाबांचा आवाज टॅबवर भरून घे."

ईरा काकांसमोर जाऊन उभी राहिली. "काका, आम्हाला आज गाडीने कटंगीला नेता?"

"हौ, हौ."

"आणि तिथून उद्या नागपूरला?"

"हौ."

"लगेच निघायचं?"

"हौ म्हणलं ना!"

स्वयंपाकघरात सरिताबाईंनी तो आवाज कान देऊन ऐकला आणि पदराला हात पुसत त्या ओसरीत आल्या. "भाऊजी, लेकरायले शब्द दिला ना? मग उठा. मी दशम्या बांधून देते."

"मी? कधी?" काकांनी आज पहिल्यांदा फोनवरून डोळे वर उचलले.

कुशलने टॅब त्यांच्या कानाशी धरला. "हौ म्हणलं ना!" काकांचाच आवाज म्हणाला. काका मुकाट्याने गाडीची किल्ली शोधायला गेले.

ठोकळ्यांची गढी खोक्यात भरून मागे ठेवली आणि गाडी सुटली. वारासिवनी गाव मागे पडल्यावर ईराने हळूच विचारलं, "काका, यंदा नंदीवरचा गुराखी नवा आहे का?"

"हौ!" या वेळी काकांचं उत्तर खरं होतं. "जुना मातीचा होता, माळ्यावरून काढताना फुटला. मग खिडकीत एक बाहुला दिसला. पायात भोकं होती, नंदीच्या पाठीच्या खुंटीवर असा बसला की वा! मीच त्याले पागोटं बांधलं. चांगला दिसते ना?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ईराने सगळं सांगितलं. राजा कोण, ताईंचा शब्द काय आणि उद्या काय होणार.

"मले विचारायचं ना बेटा!"

"विचारलं होतं. तुम्ही हौ म्हणले, मग नाही म्हणले, मग परत हौ म्हणले."

काकांचे कान लाल झाले. त्यांनी फोन खिशात टाकला आणि गाडीचा वेग वाढवला.

कटंगीत मारुतीच्या देवळासमोर नंद्यांची नुसती गर्दी झाली होती! झुली पांघरलेले, फुगे बांधलेले, कागदी बाशिंगांचे लहानमोठे नंदी, आणि प्रत्येकाच्या दोरीला एक लेकरू. तिघं वाकून वाकून शिंगं बघत फिरली. "ये वाला! ये रहा तार!" मोहित ओरडला.

तारेच्या शिंगाचा नंदी होता. दोरी धरून नव्या फ्रॉकमधली श्रुतिका होती. पण नंदीच्या पाठीवर नुसती खुंटी होती!

ईरा गुडघ्यावर बसली. "श्रुतिका, नंदीवरचा गुराखी कुठं गेला?"

"जेवाले बसला."

"जेवाले?"

"आजोबा म्हणते, पोळ्याले गुराख्याले आधी जेवाले वाढाव लागते. माह्या गुराख्याले कालपासून कोणी वाढलंच नाही." श्रुतिकाने मोठ्या माणसासारखी मान हलवली. "मी त्याले घरी पत्रावळीवर बसवलं. तो जेवून येते म्हणला."

आता यात त्या लेकराचं काय चुकलं? पण ऐकायला कोण थांबलं होतं! तिघं पोरं पुढे आणि काका मागे, अशी वरात डोमाजी आजोबांच्या घराकडे पळत सुटली. डोमाजी म्हणजे श्रुतिकाचे आजोबा, ईराच्या आजोबांचे धाकटे भाऊ. ते ओट्यावर पान लावत बसले होते.

"आजोबा! पत्रावळ! श्रुतिकाची पत्रावळ कुठं आहे?"

"कामाले येणाऱ्या गोदाबाईनं उचलली ना आता. उष्टी पुरणपोळी होती, बैलाले टाकली. काहून बाप्पा, भूक लागली का?"

तिघं गोठ्याकडे वळली. शिंगांना बेगड लावलेला, पाठीवर गेरूचे ठप्पे उमटवलेला धिप्पाड बैल पत्रावळ अर्धी तोंडात धरून शांतपणे चावत होता. खाली लोंबणाऱ्या अर्ध्या पानात, पुरणात कमरेपर्यंत रुतलेल्या राजाचं गुलाबी पागोटं दिसत होतं!

"राजा!" ईरा ओरडली. बैलाने मान उचलली. पागोटं वर गेलं. बैलाच्या ओठांपासून ते आता वीतभरच लांब होतं.

आणि तेव्हाच काकांच्या खिशात फोन वाजला. "टिंग!"

काकांचा हात सवयीने खिशाकडे गेला, फोन बाहेर आला, आणि त्यांनी बघितलं. फोनकडे नाही, ईराच्या तोंडाकडे. मग त्यांनी जी उडी घेतली, ती कुशलने आपल्या बापाला घेताना जन्मात पाहिली नव्हती! एका हाताने बैलाची वेसण, दुसऱ्या हाताने पत्रावळ. दुसरा हात रिकामा करायचा म्हणजे फोन सोडणं आलं. फोन उडाला, गोठ्याच्या कडेला आदळला आणि बैलांच्या पाण्याच्या टाक्यात बुडुक्कन गेला.

"धरा रे!" काका ओरडले. कुशलने पान खेचलं, पान फाटलं, पुरण उडालं आणि राजा सरळ ईराच्या ओंजळीत येऊन पडला. मुकुट होता. पागोटं होतं. काळा हातही होता. बैल मात्र "हे काय चाललंय?" अशा नजरेने सगळ्यांकडे बघत उरलेली पोळी चावत राहिला.

ईरा राजाला छातीशी धरून रडली. चांगलं हुंदके देऊन रडली, आणि तिला कोणी थांबवलं नाही.

मागून श्रुतिका नंदी ओढत आली. "जेवला का माहा गुराखी? चला, मिरवायचं आहे."

हा तर नवाच पेच झाला! राजा घेऊन निघून जाणं सोपं होतं. पण समोर ते लेकरू रिकाम्या खुंटीकडे बोट दाखवत उभं होतं. ईराने कुशलकडे पाहिलं, मोहितकडे पाहिलं, मग टाक्यावर जाऊन राजाचं पुरण धुतलं आणि त्याला नंदीच्या पाठीवर बसवलं.

"मिरवणूक होईपर्यंत हा तुझा. मी बाजूनं चालते. हा आमचा राजा आहे, उद्या याले उंच गढीवर बसवायचं आहे. म्हणून मग मी याले नेईन आणि तुले दुसरा देईन."

तिने गाडीतल्या खोक्यातून आपला पहारेकरी काढला. भालावाला, चिलखतातला. तिला मिळालेला हा पहिलाच शिपाई होता आणि आजवर तिने त्याला कोणाला हातही लावू दिला नव्हता.

श्रुतिकाने त्याला उलटासुलटा करून पाहिलं. "हा जेवते का?"

"खूप जेवते," ईरा म्हणाली.

"मंग चालते. पण त्या राजाले बी कुठं बसवाच्या आधी जेवाले द्या हं! पुरणपोळी. विसराचं नाही!"

"हौ, हौ," सगळे घाईघाईने म्हणाले.

मिरवणूक झाली. संध्याकाळी आजोबांच्या ओट्यावर बसून ईराने टॅब उघडला. वेषांतराचं कौतुक अजून चालूच होतं. एक शब्द न बोलता ते सगळं तिला मिळालं असतं.

"सांगितलं नाही तरी कोणाले कळणार नाही," कुशल म्हणाला.

"मले कळते ना," ईरा म्हणाली आणि लिहू लागली. राजा माझ्या घरून हरवला होता. वेषांतर माझी कल्पना नव्हती. फोटो मी टाकले नव्हते. तो बैलाच्या तोंडातून वाचला. आता माझ्याकडे आहे, उद्या आणते. चूक माझी, ताईंची नाही.

उत्तर आलं का, ते बघायला ईरा झोपेपर्यंत पान पुन्हा पुन्हा उघडत राहिली. ईराला रात्री धड झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तुमसरवरून गाडी नागपूरला पोचली. मेळाव्याच्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलावर गढ्या जोडणं चाललं होतं. ईराची गढी मधोमध बसवली गेली. पांढऱ्या मिशांचे, जाड चष्म्याचे एक गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी हात पुढे केला. हेच मोतीलालकाका! ईराने राजा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्याशी धरून पाहिला.

"मला वाटलं होतं, हरवेल," ते म्हणाले. "हरवलाच."

ईराने मान खाली घातली. प्रमोदिनीताई तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

"पण शोधून आणलास. आणि कोणी न विचारता खरं सांगितलंस. हे मला सुचलं असतं की नाही, शंकाच आहे. ताई, राजा फिरू द्या. यापुढे लेकरांकडेच आधी. आणि हे पागोटं काढू नका कोणी!"

टाळ्या वाजल्या. मोहितला कोणीतरी विचारलं, "अरे, तूच तो गंजवाला सरदार ना?" आणि तो लाजून खांबामागे गेला.

ईरा शिडीवर चढली. राजाला शिखरावर ठेवणार, तोच मागून आवाज आला.

"थांब, थांब!"

देवेंद्रकाका गर्दीतून वाट काढत येत होते. सगळ्यांना वाटलं, फोटो काढायचा असेल. पण त्यांच्या हातात फोन नव्हता, तो कटंगीला तांदळाच्या डब्यात वाळत पडला होता. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि आतला पुरणपोळीचा तुकडा राजासमोर, राखाडी बुरुजावर, नीट ठेवला.

"हे काय, काका?" ईराने विचारलं.

"श्रुतिकानं सांगतलं होतं ना, बसवाच्या आधी जेवाले द्या म्हणून," काका म्हणाले. "तुम्ही कोणी ऐकलं नाही काय?"